वर्षातले दोन महिने

आमच्या भोसरीच्या मशीन शॉपमधे एक व्हीएमसी ऑपरेटर आहे, व्हीएमसी म्हणजे लोखंडाचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन, त्याला सगळे फौजी म्हणतात. हजेरीच्या रजिस्टरमधे नाव वेगळं आहे पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवतं. मूळचा सातारा जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, हात एकदम बसलेला, आणि टीएमधे जवान. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, सरकारी मराठीत प्रादेशिक सेना, पण तो कायम टीएच म्हणतो त्यामुळे मीही तेच म्हणणार. दरवर्षी त्याचा दोन महिन्यांचा कँप लागतो आणि त्या दोन महिन्यांत माझी जी वाट लागते ती माझी मलाच माहीत, कारण चाकणच्या पार्टीला त्याच्या कँपशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना सोमवारी माल गेटवर पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि माझे वडील रेग्युलर आर्मीत होते. मराठा लाइट इन्फन्ट्री, सेंटर बेळगावला, मग पलटण जिथे जाईल तिथे ते. ते वर्षातून दोन महिने घरी यायचे. जवानाला साठ दिवस अ‍ॅन्युअल लीव्ह असते, वर तीस दिवस कॅज्युअल, पण कॅज्युअल मिळेल तशी आणि तुकड्यातुकड्याने, शिवाय तेव्हाच्या गाड्या, त्यामुळे आमच्यासाठी वडील म्हणजे ते दोन महिने. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या पेंटने नंबर आणि नाव, झाकण उघडलं की कँटीनचा साबण आणि बुटाचं पॉलिश असा एकत्र वास. पत्रावर पत्ता केअर ऑफ ५६ एपीओ, ते आर्मीचं पोस्ट ऑफिस, गाव नव्हे. मी शाळेच्या नकाशात ५६ एपीओ शोधलेलं आहे, हसू नका.

तर एकाचे दोन महिने घरी आणि एकाचे दोन महिने पलटणीत. रेग्युलर आणि टीए यातला फरक मला कुठल्या माहितीपत्रकातून नाही कळला, तो असा कळला, एक घरात बघून आणि एक शॉपमधे पगार देऊन. म्हणूनच ताईचा मुलगा जेव्हा म्हणाला की मामा, रेग्युलरला ट्राय करू का टीएला, तेव्हा मी जरा जास्तच बोललो.

भाचा कॉम्प्युटर इंजिनियर, हिंजवडीला नोकरी, कोथरूडला राहतो. कॉलेजमधे एनसीसी केली होती आणि ती उतरलीच नाही. सकाळी तळजाईला पळायला जातो, मग बसने हिंजवडी, तिथे दिवसभर कुठल्यातरी बाहेरच्या बँकेचं सॉफ्टवेअर, रात्री घरी येऊन एसएसबीचे, म्हणजे आर्मीत ऑफिसर निवडायच्या मुलाखतीचे, व्हिडिओ. पुण्यात अशी पोरं खूप आहेत, बाहेरच्यांना वाटतं पुण्यातली पोरं फक्त एमपीएससी नाहीतर अमेरिका. पण ज्या गावात सदर्न कमांडचं हेडक्वार्टर आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्स, दापोडीला लष्कराचं इंजिनियरिंग कॉलेज सीएमई, वानवडीला मेडिकल कॉलेज एएफएमसी, आणि लोहगावला सुखोई उडाली की पार विश्रांतवाडीपर्यंत फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं, तिथे हे वेड लागायला फार काही लागत नाही. एनडीएची वेळ निघून जाते बारावीनंतर, तेव्हा आईबाप म्हणतात आधी इंजिनियर हो. मग इंजिनियर होतात आणि पंचविशीत परत तेच डोक्यात.

त्याने एक एक्सेल शीट केली होती. आयटीवाले आहेत, लग्न ठरवतानाही करतील. डाव्या बाजूला शॉर्ट सर्व्हिस कमिशन, उजव्या बाजूला टीए, खाली रांगेने वय, पगार, ट्रेनिंग, पोस्टिंग, पेन्शन. चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे रेग्युलर आर्मीत ऑफिसर, पण ठरावीक दहा वर्षं, पुढे हवी असतील तर आणखी चार. इंजिनियरला टेक्निकल एंट्रीने जाता येतं, मार्कांवर शॉर्टलिस्ट, मग पाच दिवसांचं एसएसबी, मेडिकल, मेरिट, आणि ओटीएमधे, म्हणजे ऑफिसर ट्रेनिंग अकॅडमीत, ४९ आठवडे ट्रेनिंग. लेफ्टनंट झाला की बेसिक ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, बाकी भत्ते वेगळे. टीएचं असं की ऑफिसर व्हायला पदवी हवी, वय १८ ते ४२, आणि हातात आधीपासून कामधंदा हवा. हे शेवटचं लोक वाचून पुढे जातात पण टीएचं सगळं मर्म त्यातच आहे. टीए स्वतःच सांगते की आम्ही नोकरी देत नाही, आमच्याकडे पोट भरायला येऊ नका, तुमचं पोट दुसरीकडे भरत असेल तर या. लेखी परीक्षा, मग टीएच्या ग्रुप हेडक्वार्टरचा इंटरव्ह्यू, तो पुण्यातच होतो, मग तेच एसएसबी आणि तेच मेडिकल. एसएसबीत टीएवाला आहे म्हणून कुणी सोपा ऑब्स्टॅकल देत नाही.

मी शीट बघितली आणि टीएच्या खाली ट्रेनिंगच्या रकान्यात ‘२ महिने / वर्ष’ लिहिलेलं होतं तिथे बोट ठेवलं. म्हटलं हे नीट मोज. पहिल्या वर्षी एक महिना बेसिक. प्लस दोन महिन्यांचा वार्षिक कँप, तो पहिल्या वर्षीही असतोच. दुसऱ्या वर्षी परत दोन महिने. आणि पहिल्या दोन वर्षांच्या आत चेन्नईच्या ओटीएला तीन महिने पोस्ट कमिशनिंग ट्रेनिंग, म्हणजे ऑफिसर झाल्यानंतरचं. किती झाले? तो मनात बेरीज करत होता तोवर ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, आठ. तिला ऐकू येत नाही असं आम्हाला वाटत होतं.

दोन वर्षांत आठ महिने. कुठली कंपनी देणार?

त्याने एचआरला विचारलं होतं. कंपनीचं नाव कशाला घ्यायचं, सगळीकडे हेच झालं असतं. एचआरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, थँक्यू फॉर युअर पॅशन वगैरे म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी मेल आला की पॉलिसीमधे अशी लीव्ह कॅटेगरी नाही, सबॅटिकलला पाच वर्षं पूर्ण लागतात, तरी मॅनेजरशी बोलून घ्या. मॅनेजर म्हणाला क्लायंटला काय सांगू. आता कायदा बघायला गेलं तर टीएच्या कायद्यात तरतूद आहे की सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की मालकाने त्याला कामावर परत घ्यायचं. कागदावर चोख आहे. पण परत घेणं आणि परत घेतल्यावर चांगलं प्रोजेक्ट देणं यात किती अंतर असतं ते हिंजवडीतल्या कुठल्याही बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या मुलीला विचारा, तिला कायदा तोंडपाठ असतो.

मी मालक आहे म्हणून मला ही बाजू जरा जास्त दिसते, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. टीए चालते ती सरकारच्या पैशावर जेवढी चालते तेवढीच कुठल्यातरी शॉपच्या, बँकेच्या, शाळेच्या सहनशक्तीवर चालते. फौजी कँपला जायच्या आधीचा आठवडा बघण्यासारखा असतो. त्याच्याकडे एक शाळेची दोनशेपानी वही आहे, तिच्यात तो प्रत्येक जॉबचा, म्हणजे मशीनवर लावायच्या पार्टचा, प्रोग्रॅम नंबर, टूलचे ऑफसेट, कुठला इन्सर्ट किती जॉबनंतर बदलायचा, फिक्श्चरची कुठली बोल्ट घट्ट केली की जॉब पाच सात मायक्रॉन उचलला जातो, असं सगळं लिहून ठेवतो. अक्षर सुंदर. दुसरा ऑपरेटर ती वही उघडतसुद्धा नाही, त्याला वाटतं त्याला येतं. रिजेक्शन वाढतं, मी बोंबलतो, दोन महिन्यांनी फौजी येतो, केस बारीक, तोंड रापलेलं, येऊन कुणाशी न बोलता पहिल्यांदा डायल काढतो आणि जॉब पकडणारी व्हाइस चेक करतो. ती हललेलीच असते. मग दुपारपर्यंत मशीन त्याच्या हाताखाली परत लायनीवर.

मधे एकदा त्याची पलटण एम्बॉडी होती. एम्बॉडी म्हणजे कँपपुरतं नाही, पलटण रेग्युलरसारखीच पूर्ण वेळ ड्यूटीवर, तोच पगार, तीच रायफल, तीच थंडी. कँपवाले दोन महिने कॅलेंडरवर आधी दिसतात, एम्बॉडिमेंट कधी संपेल ते नाही दिसत. दीडेक वर्ष तो आलाच नाही. मी दुसरा माणूस ठेवला, त्याला शिकवला, आणि फौजी परत आला तेव्हा दोघं झाले, काम एकाचं. दोघांनाही ठेवलं, पण कसं ठेवलं ते माझ्या सीएला माहीत.

लोकांना टीए म्हटलं की धोनी आठवतो. त्यात त्यांची चूक नाही, २०११ ला त्याला ऑनररी लेफ्टनंट कर्नल केलं, मग त्याने पॅरा जंप मारल्या, २०१९ ला काश्मीरमधे पलटणीबरोबर राहिला पण. त्याच्या आधी २००८ ला कपिल देव. पण ऑनररी हुद्दा आणि परीक्षा देऊन घेतलेलं कमिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची पार खिचडी झालीये, सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी भाच्याला विचारलं होतं की टीएला मॅच खेळावी लागते का. मी भाच्याला सांगितलं, धोनी सोड, नझीर अहमद वानीबद्दल वाच. काश्मीरचा माणूस, २००४ ला टीएच्या १६२ बटालियनमधे भरती झालेला साधा जवान, आधीची सेना मेडल छातीवर, नोव्हेंबर २०१८ मधे शोपियांला राष्ट्रीय रायफल्सबरोबरच्या कारवाईत गेला, २०१९ ला अशोक चक्र. टीएचा जवान. शांततेच्या काळातला देशातला सगळ्यात मोठा शौर्य पुरस्कार. हौशी लोकांचं काम आहे म्हणणाऱ्याने एवढं एक नाव लक्षात ठेवावं.

बाकी टीएचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर कायदा १९४८ चा, औपचारिक सुरुवात ९ ऑक्टोबर १९४९ ला राजाजींच्या हस्ते, ६२, ६५, ७१ तिन्ही युद्धांत टीएच्या पलटणी होत्या. रेल्वेच्या वेगळ्या, तेल कंपन्यांच्या वेगळ्या, आणि झाडं लावणाऱ्या इकॉलॉजिकल बटालियन वेगळ्या, त्यातली पहिली १९८२ ची डेहराडूनची, आपल्याकडे एक संभाजीनगरला आहे. पुण्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०१ टीए बटालियन, कोल्हापूरला १०९. पूर्वी शहरी युनिट्सचं ट्रेनिंग शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी व्हायचं आणि चार तास भरले की एक दिवस धरायचे, ही पद्धत मला फार आवडते, पेठेतला कारकून रविवारी सकाळी युनिफॉर्म घालून सायकलवर कँपात चाललाय आणि डब्यात बायकोने दिलेले पोहे. तसं डोळ्यासमोर आणायला बरं वाटतं. तसं ते राहत नाही, हे मे २०२५ मधे कळलं.

ऑपरेशन सिंदूर सुरू झालं ७ मेला. त्याच दिवसांत बातमी आली की केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिलेत, टीएच्या ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरी, आणि त्या आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. तीन वर्षं. रात्री ताईचा फोन. नमस्कार चमत्कार काही नाही, सरळ, “अरे तो पार्टटाइम म्हणाला होता ना?”

मी म्हटलं, ताई, तो अजून टीएत गेलेलासुद्धा नाहीये, फॉर्मसुद्धा भरलेला नाहीये.

“तरी पण. पार्टटाइम म्हणाला होता ना?”

दुसऱ्या दिवशी शॉपमधे गेलो तर फौजी चहाच्या सुट्टीत मोबाईलला चिकटलेला. मला वाटलं हाही काळजीत असेल. तसलं काही नाही, गडी खुश होता. चेहरा लपत नव्हता. पलटणीच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज, कुणाचा नंबर लागला, कुणाचा नाही. त्याची पलटण त्यात होती की नव्हती ते मी इथे लिहिणार नाही, तसलं लिहायचं नसतं. पण तो खुश का होता हे समजायला मला त्याच्याबरोबर टपरीवर दोन चहा प्यावे लागले.

तर गणित असं आहे. टीएच्या जवानाला कँपचे दोन महिने सोडले तर आर्मीकडून काही मिळत नाही, बाकीचे दहा महिने तो आणि त्याचा मालक. पेन्शन हवी असेल तर १५ वर्षांची सेवा लागते, ऑफिसरला २०, आणि ती मोजतात प्रत्यक्ष युनिफॉर्ममधल्या दिवसांची. वर्षाला दोन महिन्यांनी १५ वर्षं भरायला किती जन्म लागतील ते तुम्हीच काढा. म्हणजे एम्बॉडिमेंट आली तरच पेन्शन जवळ येते. रेग्युलरचा पगार, कँटीन, घरी पैसे, आणि त्या खात्यात वर्षं जमा. गावाकडे टीएच्या भरतीला हजारोंनी पोरं उभी राहतात ती वीकएंडला सैनिक व्हायला नाही राहत, त्यांना पूर्ण वेळच हवा असतो, रेग्युलरच्या भरतीचं वय निघून गेलेलं असतं आणि हा एकच दरवाजा उघडा दिसतो. टीए म्हणते आमच्याकडे पोट भरायला येऊ नका आणि ही पोरं नेमकी त्यासाठीच येतात, आणि दोघंही एकमेकांना तसं बोलून दाखवत नाहीत.

एकच आदेश. कोथरूडच्या फ्लॅटमधे ताईची झोप उडाली, आणि भोसरीच्या एका खोलीत माणूस खुश. मला तेव्हापासून रेग्युलर की टीए हा प्रश्न असा सरसकट विचारलेला आवडत नाही. आधी सांगा तुमच्या घरात त्या आदेशाची बातमी आली की काय होईल.

ताईच्या जावेचा मुलगा अमेरिकेत आहे, तिकडेच जन्मलेला, तो तिकडच्या आर्मी रिझर्व्हमधे गेला तेव्हा पण घरात असाच गोंधळ झालेला. तिकडे हे सगळं जाहिरातीसकट चालतं, महिन्याला एक वीकएंड आणि वर्षाला दोन आठवडे, बदल्यात कॉलेजच्या फीला मदत, स्वस्त हेल्थ इन्शुरन्स. त्याने घेतलं. पण तिकडेही मूळ कागदावर एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते, अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी घ्या नाहीतर रिझर्व्ह, जी वर्षं तुम्ही युनिटमधे काढणार नाही ती वर्षं तुमचं नाव त्यांच्या यादीत राहतं आणि गरज पडली तर बोलावतात. २००१ नंतर इराक-अफगाणिस्तानला असे वीकएंडवाले हजारोंनी गेले, वर्षवर्षभर. जावेने तेव्हा फोनवर काय सांगितलं तर, वीकएंडचं काही नाही गं, पण तो कागद फ्रिजवर लावलाय आणि रोज दिसतो. देश वेगळा, पगार डॉलरमधे, कागद तोच.

भाच्याला मी काय सांगितलं ते आता लिहितो, पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे रेग्युलर म्हणजे आयुष्यभराची सोय हे डोक्यातून काढून टाक. माझ्या वडिलांना पेन्शन मिळाली, आईला आजही फॅमिली पेन्शन मिळते आणि ती कुणापुढे हात पसरत नाही, ते सगळं खरं. पण वडील चाळिशीच्या आत घरी आले. शिपाई म्हणून गेलेला माणूस तसाच येतो. आणि आल्यावर? पिंपरीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी. ज्या माणसाने बर्फात चौकी सांभाळली तो मॅनेजरच्या गाडीला सलाम ठोकून गेट उघडायचा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही असं ते म्हणायचे. आता तर शॉर्ट सर्व्हिसमधे दहा-चौदा वर्षांनी बाहेर पडलास तर पेन्शन नाहीच, ग्रॅच्युइटी घेऊन या. आणि खालच्या हुद्द्यांना २०२२ पासून अग्निपथ, विशीच्या आसपास घ्यायचं, चार वर्षं, शेवटी पंचवीस टक्क्यांपर्यंत ठेवणार, बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण ११.७१ लाख देऊन नमस्कार. पहिल्या तुकडीचं ट्रेनिंग जानेवारी २०२३ मधे सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ संपताना भरतात. रेग्युलर हा शब्द तोच राहिलाय, आतला माल बदललाय. या बाबतीत फौजी उलट बरा, चाळिशीत तो मशीन लावून देणारा सेटर असेल, पस्तीस-चाळीस हजार कुठेही मिळतील, माझ्याकडे नाहीतर शेजाऱ्याकडे.

दुसरं, टीए हा रेग्युलरचा स्वस्तातला पर्याय नाहीये. मला सगळ्यात जास्त भीती अशा पोरांची वाटते ज्यांना युनिफॉर्म हवाय पण हिंजवडीचं पॅकेज पण सोडवत नाही, आणि टीए म्हणजे दोन्ही मिळतं असं कुणीतरी यूट्यूबवर सांगितलेलं असतं. दोन्ही मिळतं तसं दोन्हीकडे कमीही पडतं. पलटणीत तू दहा महिने गायब असलेला माणूस, ऑफिसमधे तू दोन महिने गायब असलेला माणूस. फौजीलाही हे होतं. तो म्हणतो, “साहेब, कँपात पहिला आठवडा रेग्युलरचे उस्ताद आम्हाला सिव्हिलियन म्हणतात, आणि इथे आल्यावर तुम्ही सगळे फौजी म्हणता.” तक्रार म्हणून नाही म्हणत, हसत म्हणतो, पण दरवर्षी म्हणतो. टीए कुणाला शोभते, तर ज्याच्याकडे परत येण्यासारखं काम आहे आणि जो त्या कामावर मनापासून परत येतो. डॉक्टर आहे, शेती चांगली आहे, स्वतःचा धंदा आहे, सरकारी नोकरी आहे. भाचा सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडताना जो चेहरा करतो तो बघितल्यावर मला नाही वाटत हा कुठे परत येईल.

तो म्हणाला, मग रेग्युलरलाच जा म्हणतोस? म्हटलं तसंही नाही. हिंजवडीचा कंटाळा आलाय म्हणून आर्मीत जाणाऱ्याला मी जाऊ नको म्हणेन. आर्मीतही कंटाळा प्रचंड असतो, वडील सांगायचे की पलटणीतलं अर्धं आयुष्य वाट बघण्यात जातं, गाडीची, सुट्टीची, पत्राची, हुकमाची. फक्त तिथे राजीनामा टाकून निघता येत नाही. पेपर टाकले आणि नोटीस पीरियड नव्वद दिवस असलं तिथे काही नसतं.

एक्सेलमधे एक रांग नव्हती ती मी घालायला लावली. कॅलेंडर कुणाच्या हातात. रेग्युलरमधे तू तुझं कॅलेंडर एकदाच देऊन टाकतोस आणि मग त्याची सवय होते, तुलाही आणि घरालाही. आमच्या आईने वडील नाहीत हे धरूनच घर बांधलं, लग्नं जमवली, आमच्या मुंजी केल्या, ते आले की पाहुण्यासारखा पाट मांडायची आणि गेले की तिचं राज्य परत सुरू. फौजीच्या बायकोचं तसं नाही. नवरा घरी असतो, पोरांना शाळेत सोडतो, सिलेंडर उचलतो, ती त्याच्यावर टेकलेली असते, आणि एक दिवस फोनवर मेसेज येतो. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड आहे. भाच्याचं अजून लग्न व्हायचंय म्हणून त्याला हे पुस्तकी वाटलं, त्याने रांग घातली, त्यात एका बाजूला ‘आर्मी’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला पण ‘आर्मी’ लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं बरोबर, फक्त एकीकडे आज आणि एकीकडे कधीतरी.

आणि शेवटी जी गोष्ट सगळ्यात सोपी होती ती त्याच्याच शीटमधे पहिल्याच रांगेत होती. वय. टेक्निकल एंट्री २० ते २७. टीए ४२ पर्यंत. तो सव्वीसचा आहे. मग निवड कसली करतोयस? एक दार वर्षभरात बंद होतंय, दुसरं अजून सोळा वर्षं उघडं आहे. शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलेले ऑफिसरसुद्धा पुढे टीएत येतात. टीएमधून मागे वळून शॉर्ट सर्व्हिसला जायचं म्हटलं तर तोवर वय गेलेलं असणार. पोरं या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तोलत बसतात आणि त्या मुळात शेजारी नाहीतच, एकीच्या मागे एक आहेत.

हे फौजीला सांगितलं तर तो म्हणाला, साहेब, हे मला कुणी एकोणिसाव्या वर्षी सांगायला पाहिजे होतं. मग म्हणाला, पण तेव्हा मी पळण्यात दहा सेकंदांनी मागे पडायचो, सांगून काय उपयोग. आणि डबा उचलून मशीनवर गेला.

भाच्याने टेक्निकलचा फॉर्म भरलाय. वर्षातून दोनदा कोर्स निघतो, सत्तावीस व्हायच्या आत त्याला दोन चान्स बसतात, एसएसबीची तयारी जोरात आहे, सध्या घरात सगळ्यांना चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतो, ताईने परवा लिहिलेल्या गोष्टीत हिरो शेवटी घरी येऊन जेवतो. एसएसबीत बहुतेक पोरं पहिल्या फटक्यात बाहेर येतात हे तिला कुणीतरी सांगितलंय आणि तिने ते धरून ठेवलंय. नाही झालं तर विषय संपला असं ती मानून चाललीये. बेचाळीसचं गणित मी तिच्यासमोर अजून काढलेलं नाही, भाच्यालाही सांगून ठेवलंय की ती शीट घरच्या लॅपटॉपवर उघडू नकोस.